मेंदू मोठा होतो म्हणे

आमचा कट्टा म्हणजे सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी. संध्याकाळी साडेसातला चार-पाच टाळकी जमतात, भडंगाचा पुडा फुटतो आणि विषय कुठूनही निघाला तरी गाडी भांडणावर येते. परवाचं भांडण दीपकच्या सोन्यावरून झालं.

सोन्या हा डॉबरमन. वय आठ, वजन अडतीस किलो, अंग काळंभोर आणि डोळ्यांच्या वर दोन तपकिरी ठिपके. दीपक त्याला घेऊन कोपऱ्यावरून येत होता. समोरून एक बाई लहान पोराचं बोट धरून मंडईतून परतत होती. सोन्यानं नाक पुढं केलं, पट्टा ताणला आणि दीपकनं सवयीनं हाक दिली, "काही करत नाही हो तो!" बाईनं पोराला उचललं, त्या गडबडीत कोथिंबिरीची जुडी रस्त्यावर पडली. ती घ्यायलाही ती वाकली नाही.

शिरीष भडकला. "दीप्या, तो काही करतो का, हे तिनं विचारलं होतं का तुला?"

"अरे, म्हणून तर सांगितलं. घाबरली होती ती."

"घाबरली होती ना? मग पट्टा आखडून घ्यायचा. तुझं प्रमाणपत्र घेऊन ती काय करणार?"

इथं शिरीषचा इतिहास सांगायला हवा. सातवीत असताना त्याला कुत्रं चावलं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. आज पन्नाशी उलटली तरी ती सुई कशी होती हे तो हातानं करून दाखवतो. दरवेळी थोडी लांब होते. चावलेलं कुत्रं होतं त्याच्या आत्याचा पामेरियन. पांढराशुभ्र, गळ्यात घुंगरू.

दीपकनं तेच धरलं. "तुला चावला पामेरियन आणि तू रस्ता बदलतोस माझ्या सोन्याला बघून. हा कुठला न्याय?"

"पामेरियन चावला म्हणून पोटरीला दोन दात लागले. हे धूड चावलं तर पोटरी राहील का? कितीदा चावतो हा प्रश्नच नाही लेका, चावला तर काय होतं हा प्रश्न आहे."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला आणि अजूनही वाटतो. कुत्रेवाल्यांकडं त्याला उत्तर नसतं, म्हणून ते लगेच फोटो दाखवायला लागतात. दीपकनंही मोबाईल काढलाच. सोन्या रजईत, सोन्या स्वेटरमध्ये, सोन्या दीपकच्या आईच्या पायावर डोकं ठेवून. डॉबरमनच्या अंगावर आखूड एकपदरी केस असतात, आत लोकर नाही, त्यामुळं डिसेंबरात हे महाशय कुडकुडतात. दीपक बाथरूमला गेला तर दाराबाहेर बसून उसासे टाकतात. घरात माणूस जिथं, तिथं हा. वहिनी वैतागून त्याला 'शेपूट' म्हणतात.

शेपूट त्याला खरोखरीच आहे, आणि गंमत तिथंच आहे. आपण चित्रात बघतो त्या डॉबरमनचे टोकदार उभे कान जन्मजात नसतात. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना कान कापून, पट्ट्या बांधून ते उभे करतात. शेपूट तर जन्मल्यावर दोन-चार दिवसांतच छाटतात. दीपकनं यातलं काही करू दिलं नाही. त्यामुळं सोन्याचे कान लोंबतात, लांब शेपूट सगळ्या कपबश्या पाडते, आणि रस्त्यावर लोक प्रेमानं विचारतात, "कुठला हो हा? कारवानी का?" जत-मुधोळकडचा शिकारी कुत्रा समजून दोघं-चौघं हातसुद्धा फिरवतात. मग दीपक म्हणतो, "डॉबरमन." की हात मागं आणि माणूस दोन पावलं लांब. कुत्रं तेच, क्षणापूर्वीचं.

"मग गैरसमज नाही तर काय हा?" दीपक म्हणाला.

मी मध्ये तोंड घातलं, कारण मी याबद्दल वाचलं होतं आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जर्मनीत आपोल्डा नावाचं गाव आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन नावाचे गृहस्थ करवसुली करत. भटकी कुत्री धरण्याचं कामही त्यांच्याकडं होतं. वसुलीला जायचं म्हणजे खिशात पैसा आणि वाटेत चोर. म्हणून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या संकरातून एक राखणदार कुत्रं तयार केलं. 1894 मध्ये ते वारले, आणि जातीला त्यांचं नाव मिळालं. "तेव्हा दीपक," मी म्हणालो, "भीती वाटणं हा गैरसमज नाही. त्यासाठीच तर हा माल बनवला होता."

"बघ!" शिरीष टाळी द्यायला पुढं झाला. मी दिली नाही, कारण माझं वाक्य पुरं झालं नव्हतं. वसुलीदाराला जे कुत्रं लागतं, ते पैशाच्या पिशवीशेजारी बसणारं, म्हणजे माणसाला चिकटून राहणारं. सोन्याचं बाथरूमच्या दाराशी बसणं आणि अनोळखी माणसाकडं कान टवकारणं एकाच मुळातून येतं. एक हवं आणि दुसरं नको, असं चालत नाही.

आण्णा इतका वेळ भडंगातले शेंगदाणे वेचून खात होते. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं कुठल्याही विषयात त्यांना खात्याचा दाखला सापडतो. "मुंबई पोलिसांचं श्वानपथक 1959 साली सुरू झालं, तेव्हा त्यात तीन डॉबरमनच होते. चोराचा माग काढायला. पण एक सांगतो," आवाज खाली आणत ते म्हणाले, "या जातीचा मेंदू वाढतो. कवटी तेवढीच राहते. मग दाब येतो आणि एक दिवस मालकालाच फाडतो. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं."

हे आमच्या पिढीत ज्यानं ऐकलं नाही, असा माणूस दाखवा. कुणाच्या तरी मामाच्या बंगल्यात डॉबरमन होता, तो सात वर्षांचा झाला आणि फिरला. मामा कोणाचा, बंगला कुठला, कधी कळत नाही. पिल्लाची कवटी आणि मेंदू बरोबरीनं वाढतात आणि वाढ पुरी झाली की थांबतात, हे जनावरांचा कुठलाही डॉक्टर सांगेल.

"फिरलेला डॉबरमन मी बघितलाय," शिरीष अनपेक्षितपणे म्हणाला. "काकांच्या मळ्यात होता. गड्याच्या हाताला सोळा टाके पडले. पण त्याला दिवसभर चार फुटी साखळीला बांधायचे आणि रात्री उसात सोडायचे. पोरं दगड मारायची. मेंदूचं काही नव्हतं त्यात."

"अरे, हेच तर मी मघापासून सांगतोय!" दीपक उभाच राहिला. "दोष बांधणाऱ्याचा..."

"म्हणजे तू चांगला मालक आहेस तोवर आम्ही सुखरूप. आणि तू चांगला मालक आहेस, हे त्या कोथिंबिरीवाल्या बाईला कुठं लिहिलेलं दिसणार?"

वकीलबाई, म्हणजे अर्चना, कोर्टातून उशिरा आली होती. तिला विषय कळायला अर्धं मिनिट पुरलं. आण्णांचा पुढचा मुद्दा असा की सरकारनं या कुत्र्यांवर बंदीच घातली आहे. ती म्हणाली, "मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र धाडलं होतं, 23 प्रकारच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवा म्हणून. पिटबुल, रॉटवायलर होते त्यात. डॉबरमन नव्हता. आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्दही केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून."

"म्हणजे सोन्या निर्दोष!" दीपक.

"थांब. भारतीय न्याय संहितेचं 291 कलम बघ. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात जातीचा उल्लेख नाही. पामेरियनलाही लागू." मग शिरीषकडं बघून, "तुझ्या आत्यालासुद्धा."

यावर शिरीष हसला, म्हणून मी 2019 काढलं. ऑगस्टातल्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. दीपकचं घर तेव्हा गावभागात. तळमजला बुडाला, बोटीतून आई, वहिनी, दोन पिशव्या आणि दोन वर्षांचा सोन्या बाहेर निघाले आणि आले कुठं, तर शिरीषच्या घरी. नऊ दिवस राहिले. शिरीषची आई अंथरुणाला खिळलेली होती. सोन्या तिच्या खाटेखालून हलत नसे. तिनं रात्री कण्हायला सुरुवात केली की हा उठून सुनेच्या दाराशी जाऊन नाक घासायचा.

"मग?" मी म्हणालो. "तरी तुझं मत तेच?"

"तेच," शिरीष म्हणाला. "आई गेली तोवर त्याचं नाव काढायची, मान्य. पण ते नऊ दिवस मी माझ्याच घरात पाणी प्यायला उठताना आधी बायकोला हाक मारत होतो. तो कुठं आहे बघ गं म्हणून. त्यानं मला काही केलं नाही. माझी भीती पण गेली नाही. दोन्ही खरं आहे, काय करू?"

यावर कुणालाच काही सुचलं नाही. सोन्या एव्हाना पायरीवर चढून माझ्या गुडघ्याला सगळं वजन टाकून बसला होता. हे कुत्रं टेकतं म्हणजे अक्षरशः टेकतं. आपण सरकलो तर पडेल.

दीपकनं घड्याळ बघितलं. "चला, गोळीची वेळ झाली." गेल्या महिन्यात पुण्याला नेऊन त्यानं सोन्याच्या हृदयाची सोनोग्राफी करून घेतली, हे आम्हाला ठाऊक होतं. निकाल त्यानं सांगितला नव्हता, आम्ही विचारला नव्हता. "मेंदू नाही आण्णा," पट्टा हाताला गुंडाळत तो म्हणाला, "हृदय मोठं होतं यांचं. या जातीत फार आहे हा आजार. भिंती पातळ होतात, फुग्यासारखं ताणलं जातं. कधीकधी उभ्या उभ्या जातात. जेवणाआधी तासभर गोळी द्यायची, सकाळ-संध्याकाळ."

निघताना समोरून शिकवणीची पोरं सायकलवरून येत होती. दीपकनं पट्टा आखडला, सोन्याला भिंतीकडं घेतलं आणि ती जाईपर्यंत तोंडातून शब्द न काढता उभा राहिला. शिरीषनं ते पाहिलं. बोलला काही नाही, भडंगाचा रिकामा कागद चुरगळत बसला.

दीपक कोपऱ्यापर्यंत पोचला असेल, तेवढ्यात आण्णांनी हाक मारली.

"हृदयाचं कळलं रे. पण पुढल्या खेपेला डॉक्टरला मेंदूचंही एकदा विचारून ये."