शर्ली टेंपलने अमेरिका वाचवली, म्हणे!

गालांवर खळ्या, डोक्यावर कुरळ्या बटा आणि फोटोखाली लांबलचक मजकूर. १९३०च्या दशकातल्या महामंदीत खचलेल्या अमेरिकेला शर्ली टेंपल या सहा वर्षांच्या बालतारकेने हसवून उभं केलं. बुडणारा स्टुडिओ तिने एकटीने तारला. त्या सिनेमांत गरिबी, दुःख असलं काही नव्हतं. मुलं हसतखेळत काम करायची, आजच्यासारखा पैशांचा बाजार नव्हता. म्हणून ते कौटुंबिक सिनेमे आपल्या मुलांना डोळे झाकून दाखवा. हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय आणि ‘किती खरंय’ म्हणून पुढे ढकलला जातोय. मला हे सिनेमे आवडतात, आणि म्हणूनच तो खटकतो. लिहिणाऱ्याने त्यातला एकही शेवटपर्यंत पाहिलेला दिसत नाही.

गरिबी नव्हती? ‘लिटल मिस मार्कर’ (१९३४) घ्या. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचे आहेत पण खिशात दमडी नाही, म्हणून बाप पोटच्या मुलीलाच बुकीकडे तारण ठेवतो, हरतो आणि आत्महत्या करतो. शर्ली म्हणजे ते तारण. त्याच वर्षीच्या ‘ब्राइट आइज’मध्ये वडील विमान अपघातात आधीच गेलेले, आई एका श्रीमंत, खडूस घरात मोलकरीण, ऐन नाताळच्या दिवशी ती मोटारीखाली सापडून मरते. लॉलीपॉपच्या जहाजाचं ते गोड गाणं सगळ्यांना पाठ असतं. ते ह्याच सिनेमातलं, हे कुणी सांगत नाही. ‘जस्ट अराउंड द कॉर्नर’मध्ये (१९३८) तर मंदी हाच विषय आहे. वास्तुविशारद बापाचं काम सुटतं आणि बापलेक आलिशान इमारतीच्या वरच्या मजल्यावरून तिच्याच तळघरात येऊन पडतात. शर्ली एका खवीस धनाढ्य म्हाताऱ्याला साक्षात ‘अंकल सॅम’ समजते आणि देशातल्या बेकारांना काम मिळावं म्हणून त्याला गळ घालते. हे सिनेमे मंदीकडे पाठ फिरवत नव्हते. त्यांची खरी लबाडी उत्तरात आहे. एका श्रीमंताचं मन पाघळलं की झालं, कारखाने सुरू! त्यावर टीका जरूर करावी, पण त्यासाठी आधी गोष्ट नीट पाहायला हवी.

शिवाय त्या काळी मुलांवरचे सिनेमे म्हणजे फक्त शर्ली नव्हे. ‘वाइल्ड बॉइज ऑफ द रोड’ (१९३३) मध्ये आईबापांवर भार नको म्हणून घर सोडलेली पोरं मालगाड्यांवर चढून गावोगाव हिंडतात.

स्टुडिओ एकटीने तारला, ही गोष्ट अर्धीच खरी. फॉक्स कंपनी संकटात होती आणि शर्ली १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकाची तारका होती, हे कुणी नाकारत नाही. पण १९३४चा पहिला क्रमांक होता विल रॉजर्स या विनोदी नटाचा, आणि तोही फॉक्सचाच. ऑगस्ट १९३५मध्ये अलास्कात विमान अपघातात तो गेला. त्याच वर्षी जोसेफ शेंक आणि डॅरिल झॅनक यांची ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ कंपनी फॉक्समध्ये विलीन झाली. नवा पैसा, नवी व्यवस्थापक मंडळी आणि शर्ली, असं मिळून ते घडलं. अमेरिका वाचवली म्हणावं, तर शर्ली पहिल्या क्रमांकावर असतानाच, १९३७-३८मध्ये, अर्थव्यवस्था पुन्हा घसरली. आणि लोक दुःख विसरायला थिएटरांत तुडुंब गर्दी करत, हे चित्रही रंगवलेलंच. १९३३मध्ये पॅरामाउंट आणि आरकेओ या बड्या कंपन्यांचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या माणसांच्या हाती गेला होता. प्रेक्षक यावेत म्हणून थिएटरवाले एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत, वर कपबशा नि ताटल्या फुकट वाटत.

आता हसतखेळत कामाबद्दल. शर्लीने कॅमेऱ्यासमोर पाऊल टाकलं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ‘बेबी बर्लेस्क’ नावाच्या लघुपटांत. मोठ्यांच्या सिनेमांची नक्कल लंगोटातल्या चिमुरड्यांकडून करून घेतलेली. आज ते बघवत नाहीत. दंगा करणाऱ्या पोराला तिथे एका काळ्या पेटीत कोंडत. आत बसायला काय, तर बर्फाची लादी. हे शर्लीनेच १९८८च्या आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे फॉक्सने तिचं वय एका वर्षाने कमी करून टाकलं. बारावा वाढदिवस समजत होती तेव्हा तिला कळलं की आपण तेरा वर्षांच्या आहोत! निरागसपणा जपण्याची ही तऱ्हा.

आणि ती नशीबवान म्हणायची. जॅकी कूपर या बालकलाकाराचं उदाहरण याहून वाईट आहे. ‘स्किपी’ (१९३१) च्या चित्रीकरणात त्याला रडू येईना, तेव्हा दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉग यांनी त्याचा कुत्रा गोळी घालून मारल्याचं नाटक रचलं. कूपर ढसाढसा रडला. टॉरॉग नात्याने त्याचे काकाच लागत. त्या सिनेमासाठी टॉरॉगना ऑस्कर मिळालं, नऊ वर्षांच्या कूपरला नामांकन. आणि कूपरने पुढे आत्मचरित्राचं नाव ठेवलं, ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’. पडद्यावरचे ते अश्रू पाहून गहिवरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पैशांचा बाजार नव्हता, हे वाचून तर हसूच आलं. १९२१मध्ये चॅप्लिनबरोबर ‘द किड’ केलेल्या जॅकी कूगनने लाखो डॉलर कमावले. १९३५मध्ये वडील मोटार अपघातात गेले. वयात आल्यावर त्याने आपले पैसे मागितले, तर आई आणि सावत्र बापाने बहुतेक उडवलेले. १९३८मध्ये त्याने खटला भरला आणि पदरात पडले जेमतेम सव्वा लाख डॉलर. त्या गवगव्यातून १९३९मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला; तो आजही कूगनच्या नावाने ओळखला जातो. तिकडे १९३८च्या केंद्रीय श्रम कायद्याने बालमजुरीवर बंदी घातली आणि सिनेमा-नाटकातली मुलं तेवढी त्यातून वगळली. या सवलतीला टोपणनाव पडलं ‘शर्ली टेंपल कायदा’. खुद्द शर्लीचं काय? सुमारे ३२ लाख डॉलर कमावलेत आणि शिल्लक ४४ हजार आहेत, हे तिला लग्नानंतर कळलं. पैसे सांभाळणारे वडील बँकेत नोकरीला होते! तिने त्यांच्यावर राग धरला नाही, हा तिचा मोठेपणा. त्याने हिशेब बदलत नाही.

राहिलं डोळे झाकून दाखवणं. ‘द लिटल कर्नल’मध्ये (१९३५) शर्ली आणि कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन जिन्यावरून नाचत उतरतात-चढतात. हॉलिवूडच्या पडद्यावर गोऱ्या-काळ्या जोडीने केलेला हा पहिला नाच मानतात, आणि त्याच्या पावलांचा आवाज ऐकायला मी तो कितीदाही पाहीन. पण ते हात धरतात तो भाग दक्षिणेकडच्या राज्यांत कापला गेला. तोच रॉबिन्सन त्याच वर्षीच्या ‘द लिटलेस्ट रेबेल’मध्ये मालकिणीसाठी आनंदाने राबणारा गुलाम आहे, आणि शर्ली सैनिकांपासून लपायला चेहऱ्याला बूटपॉलिश फासते. ‘वी विली विंकी’ (१९३७) तर त्या वेळच्या हिंदुस्थानच्या, म्हणजे आपल्याच वायव्य सरहद्दीवर घडतो. पठाण सरदार सीझर रोमेरो, आणि एक गोड गोरी मुलगी ब्रिटिश फौज व टोळीवाल्यांत समेट घडवते. तो पडद्यावर आला त्या वर्षी तिथल्याच वझिरिस्तानात फकीर ऑफ इपी या बंडखोर टोळीनेत्याच्या माणसांवर इंग्रजांची विमानं बाँब टाकत होती. हे शेजारी बसून सांगता येत असेल तर मुलांना जरूर दाखवा.

एकच निवडायचा तर ‘ब्राइट आइज’ लावा. त्यात जेन विदर्स नावाची एक कारटी आहे, नाताळच्या भेटीत मशीनगन मागणारी. पोरांना शर्लीपेक्षा तीच जास्त आवडेल.