आजीची लुगडी ट्रंकेत कुजवू नका

घरातली म्हातारी बाई गेली की महिन्याभरात तिच्या कपड्यांचा प्रश्न निघतोच. दोन-तीन भारी साड्या लेकी-सुना वाटून घेतात, बऱ्यापैकी असतील त्या कुणाला तरी देऊन टाकतात. आणि जी तिनं खरोखर रोज नेसली, ती मऊ पडलेली सुती जुनेरं गाठोडं होऊन माळ्यावर जातात, नाहीतर बोहारणीकडे. माझ्या मते हे अगदी उलटं चाललंय. भारी साडी कुणालाही द्या, ती तिनं आयुष्यात वीसदा नेसली असेल. जुनेरं ठेवा आणि त्यांची गोधडी शिवा. (तुमच्याकडे वाकळ म्हणत असतील, लेपाटं म्हणत असतील. वस्तू तीच.) काही घरांत गेलेल्या माणसाचं वस्त्र वापरत नाहीत. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांचा मान ठेवावा.

कात्री लगेच उचलू नका. प्रत्येक लुगडं दिवसाउजेडी पूर्ण उलगडून मापा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, सव्वाआठ मीटर. धुण्यात थोडं आटतं, पण फूट-दोन फूट कमी भरलं आणि मध्ये आडवी शिवण दिसली, तर तो दांड. विरलेला भाग कापून काढायचा, दोन्ही चांगली टोकं जोडायची आणि लुगडं पुन्हा दोन-तीन वर्षं नेसायचं. तिनं संसार कसा रेटला याचा लेखी पुरावा बऱ्याच घरांत नसतो, दांड मात्र असतो. तो उसवू नका. गोधडीत दिसेल असा वरच्या थरात घ्या.

कुठलं लुगडं कधीचं हे तिच्या बरोबरीच्या जावा-नणंदांना विचारा. सन विचारलंत तर मान हलवतील. ‘कोयनेच्या भूकंपाआधीचं की नंतरचं?’, ‘बाहत्तरच्या दुष्काळात होतं का हे?’, ‘किल्लारी झाली तेव्हा हेच नेसलेलं का?’ असं विचारलं की पटापट उत्तरं येतात. मग १९६७, १९७२, १९९३ हे तुम्ही मनाशी लावून घ्यायचं. उत्तर त्या लुगड्याच्या टोकाला चिठ्ठी टाचून तिथल्या तिथे लिहा. संध्याकाळी आठवून लिहू म्हटलं की सगळी लुगडी एकमेकांत मिसळतात.

आता कापडाची पारख. गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि बोटांत विरघळणारी राख म्हणजे सूत. केस जळल्याचा वास म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. सुताबरोबर सूतच घ्या. सूत धुण्यागणिक थोडं आटतं, पॉलिस्टर आटत नाही, मग चार धुण्यांत त्याला फुगे येतात. शिवाय घाम शोषला जात नाही ते वेगळंच. इरकली असेल तर पदर आधी वेगळा काढा. अंग सुती असलं तरी पदराचे उभे धागे रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असतात आणि मागावर फासे अडकवून अंगाला जोडलेले असतात. जुन्या इरकलीचा तो जोड ताणला की तिथेच फाटतं. पदर हवाच असेल तर सुती अस्तर लावून मधोमध ठिगळ म्हणून बसवा. जरीचा भाग मात्र अजिबात नको. तार तुटली की टोचते.

रंग जातो का ते पांढरं ओलं फडकं घासून बघा. लाल आणि काळ्यावर विश्वास ठेवू नका. सगळी लुगडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, खळ पूर्ण निघायला हवी, कारण कसर लागते ती खळीमुळे. सावलीत वाळवा. वाळल्यावर दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणा. चर्रकन गेलं तर ते कापड आतल्या थरात, टिकलं तर वर किंवा खाली.

लुगड्याचे आडवे चार तुकडे केले तर प्रत्येक साधारण ८१ इंच लांब येतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच धरला तर एका माणसाच्या गोधडीचं हे आयतं माप. चार थरांची गोधडी उन्हाळ्या-पावसाळ्याला पुरते, थंडीला सहा. सहाच्या वर जाऊ नका. हाताची सुई आरपार जात नाही, टाका फक्त वरच्या दोन-तीन थरांत राहतो आणि आतला भर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतो. दोन धड लुगड्यांचे आठ तुकडे होतात. सहा गोधडीला लागले तर दोन उरतात. त्यातून ४० इंचाचे चार चौकोन निघतात, म्हणजे दुहेरी दोन दुपटी. पणतवंडासाठी याहून मऊ कापड बाजारात विकत मिळत नाही. फक्त दुपट्याच्या गाठी आत दडवा आणि सुटे दोरे कापून टाका, बाळाच्या बोटाला दोरा गुंडाळला जाऊ शकतो. आणि ते खाली अंथरायला वापरा, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असं पांघरायला नको.

थर लावताना प्रत्येक थर मधून कडांकडे हाताने सारखा करायचा. मग वीत-वीत अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके. हे टाळायचा मोह सगळ्यांना होतो. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गोधडी कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्या मारत मध्याकडे नेतात. कच्चा टाका नसेल तर सगळा सैलपणा मध्यावर ढकलला जातो आणि शेवटी तिथे फुगा उठतो. तो परत बसत नाही, फेऱ्या उसवाव्याच लागतात.

दोरा सुती, दुहेरी, मेणावरून ओढलेला. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेतात. तो तुटत नाही हे खरं, पण जुनेर कापत जातो. सुई दोन-अडीच इंचाची. दाभण पोत्यांसाठी ठीक, इथे त्याची भोकं राहतात. धावदोरा तांदळाएवढा, दोन ओळींत पाऊण इंच. या मापानं एका गोधडीत सव्वाशे मीटरच्या आसपास ओळ भरते. टाक्याची वर-खाली आणि दुहेरी दोरा धरला तर जवळपास ३०० मीटर दोरा, आणि टाके अठरा ते वीस हजार. घरी रोज दोन तास बसलं तर तीन-चार आठवडे. एखाद्या बाईकडून शिवून घेणार असाल तर भाव पाडायच्या आधी हा हिशोब करा. मशीनवर दोन तासांत होतं, पण मशीनचा सलग घट्ट टाका विरलेल्या कापडाला ओळीनं भोकं पाडतो आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. आठवणीची गोधडी म्हणून साड्यांच्या पोटात पॉलिस्टरचा कापूस भरून देतात ती तर रजईच. फोटोत छान दिसते, अंगावर घेतली की उकडतं.

एका कोपऱ्यात पांढऱ्या सुती पट्टीवर नाव भरा. दोन्ही नावं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं माहेरीच राहिलं, अशा आज्या घरोघरी आहेत. नातवंडांना आजीचं पहिलं नाव विचारून बघा, बहुतेक गप्प होतील. दोन नावं, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि कुठलं लुगडं कधीचं, एवढं बसतं. पेनानं लिहू नका, धुण्यात जातं. दोऱ्यानंच भरा.

सहा थरांची गोधडी भिजली की चांगलीच जड होते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर धुवा, पिळू नका, दोघांनी धरून निथळवा. एरवी आठवड्याला ऊन दाखवलं तरी पुरे, उलटी घालून, नाहीतर वरचे रंग उडतात. ट्रंकेत ठेवायचीच वेळ आली तर वेखंडाचे दोन तुकडे टाका आणि दर खेपेला घडी वेगळ्या रेषेवर घाला. जुनं सूत घडीवरच तुटतं.