डिपॉझिट घेऊन गायब झालेल्या घरमालकाचं घर पुन्हा भाड्याने आहे!

मैत्रिणीसाठी भाड्याच्या घरांच्या जाहिराती चाळत होते, तर माझंच जुनं घर समोर आलं. तीच खिडकी, मी लावलेला पडद्याचा दांडासुद्धा तोच. खाली ओळ, 'डिपॉझिट बोलून ठरवू.' डोकंच फिरलं. माझं डिपॉझिट अजून त्याच घरमालकाकडे आहे आणि तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही म्हणे.

लगेच फोन लावला. मी नाव सांगेपर्यंत एजंट गोड बोलत होता. मग 'तुमचं-त्यांचं तुम्ही बघा मॅडम, माझ्याकडे फक्त चाव्या आहेत.' फोन कट.

घर सोडलं त्या दिवशी हा घरमालक भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांत करंगळी घालून बघत होता. प्रत्येक नळ सोडून बघितला, प्रत्येक बटण दाबून बघितलं. मी म्हटलं, काय कापायचं ते कापा. तर म्हणे, 'छे छे, घर छान ठेवलंत. संध्याकाळी पैसे टाकतो.' एक चावी कमी भरली म्हणून जिन्यातून परत आला, तीही घेऊन गेला. त्यानंतर फोन आधी नुसता वाजायचा, मग स्विच ऑफ, आता तो नंबरच अस्तित्वात नाही.

आणि लोक मला म्हणतात, जाऊ दे गं! का जाऊ दे? ते काय भाडं होतं? माझेच पैसे होते, विश्वासाने ठेवायला दिलेले. कुणी पर्समधून काढले असते तर चोरी म्हटलं असतं. इथे पोलीस म्हणतात, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.

रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती परत आली. पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात 'घर बंद'. वकील म्हणाले फोडू नका, बंदच ठेवा, पुरावा आहे. माणूस सापडला नाही तरी दावा चालतो म्हणे. कोर्टाच्या परवानगीने नोटीस दारावर चिकटवता येते, पेपरात देता येते. तरी तो आला नाही तर एकतर्फी निकाल लागू शकतो. माणूस पळाला तरी घर जागेवर आहे, वसुली त्यावर काढता येते. फक्त मुदतीत दावा लावायचा, फी भरायची आणि वाट बघायची. एवढ्याशा रकमेसाठी ही कोर्टात जाणार नाही, याच हिशोबावर तर हे लोक गायब होतात!

इंग्लंडमध्ये साधारण भाडेकरारांसाठी २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य योजनेत संरक्षित करावं लागतं, मुदत ३० दिवसांची. नाही केलं तर कोर्ट एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावतं. घरमालक सापडत नसेल तर भाडेकरू योजनेकडे एकटाही दावा करू शकतो. म्हणजे अशक्य काही नाही. पैसा एका माणसाच्या खिशात ठेवायचाच कशाला?

हो, भाडेकरूही घराची वाट लावून पळतात. मान्य. पण मी भाडं चुकवलं नव्हतं आणि भोकं त्याने स्वतः मोजली होती.

लिहिता लिहिता एक आठवलं. तो करंगळी घालत होता तेव्हा खिशातला मोबाइल सारखा वाजत होता आणि तो दर वेळी न बघताच कट करत होता. घेणेकरी मागे लागले असतील का? माझ्या पैशांतून आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट फेडलं असेल का? असेलही. क्षणभर वाईट वाटलं. 'ताई, अडचणीत आहे, हप्त्याने देतो' म्हणाला असता तर मी थांबले असते, खरंच.

पण चाव्या एजंटकडे आपोआप पोहोचल्या का? म्हणजे संपर्क आहे. फक्त माझ्यासाठी गायब! आता माझ्या जागी कुणीतरी नवीन डिपॉझिट भरणार.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट वकिलांना पाठवलेत. एकतर्फी निकालानंतर खरोखर पैसे हातात पडलेत असं कुणी असेल तर इनबॉक्स करा, वसुलीचा अर्ज कसा केलात ते हवंय. 'विसर आता' वाल्यांनी प्लीज आज काही लिहू नका.