घरमालकाच्या माथी एसी मारल्याची आवई

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाने, भाड्याच्या घरांसाठी केलेल्या उष्णतेच्या नियमाविषयी एक संदेश मराठी मंडळींमध्ये सारखा पुढे धाडला जातो. त्याचा मथितार्थ असा: कॅलिफोर्नियात घर ८२ अंशांपेक्षा जास्त तापू देणे आता गुन्हा ठरणार, प्रत्येक घरमालकाला एसी बसवावाच लागणार, त्यामुळे भाडी भडकणार, ऊन बाधते ते रस्त्यावर, घरात नव्हे, आणि नागपूरकर तर ४५ अंशांतही बिनतक्रार राहतात. यातले एक विधान विचारात घेण्याजोगे आहे. बाकीची तपासायला घेतली की टिकत नाहीत.

आधी व्याप्ती पाहू. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेला हा नियम राज्याचा नाही, आणि लॉस एंजेलिस शहराचाही नाही. काउंटीतल्या ८८ शहरांपैकी कोणत्याही शहराच्या हद्दीत न येणाऱ्या, म्हणजे ईस्ट लॉस एंजेलिस किंवा अल्टाडीनासारख्या भागांना तो लागू आहे. ८२ अंश हे फॅरेनहाइटमधले आहेत, सेल्सियसमध्ये सुमारे २७.८, आणि घर त्या मर्यादेत राहू शकेल अशी सोय ठेवण्याचे बंधन घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही.

एसीच्या सक्तीचे विधान तर सरळच चूक आहे. नियम तापमान ठरवतो, यंत्र ठरवत नाही. छताला ऊन परावर्तित करणारा लेप देऊन, खिडक्यांना जाड पडदे लावून किंवा भिंतींचे उष्णतारोधन करून घर त्या मर्यादेत राहत असेल तर तेवढे पुरेसे आहे. अॅरिझोनातल्या फीनिक्स शहराचा नियम याहून बोलका आहे: भाड्याच्या घरात एसी असेल तर त्याने खोली ८२ अंशांपर्यंत थंड व्हायला हवी, आणि पाण्यावरचा कूलर असेल तर ८६ अंशांपर्यंत, म्हणजे ३० सेल्सियसपर्यंत. हा कूलर विदर्भात कोणाला समजावून सांगायला नको. वाळ्याच्या ताट्या भिजवून पंख्याने ओढलेली हवा मे महिन्यात जीव गार करते, आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर अंथरूण ओलसर करण्यापलीकडे फारसे काही करत नाही. फीनिक्सच्या पावसाळ्यातही त्याची हीच गत होते, हे तिथल्या घरमालकांनाही ठाऊक असते.

नागपूरच्या तुलनेत मोठी गफलत अशी, की ४५ हे बाहेरच्या सावलीतले तापमान आहे आणि ८२ अंश हे खोलीतले. शिवाय नागपूरकर बिनतक्रार राहतो हे कोणी सांगितले? तो दुपारी खिडक्या लावून घेतो, कूलरची टाकी भरतो, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतो आणि रात्री तिथेच अंथरूण टाकतो. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला गच्चीची किल्लीच मिळत नसेल, तर रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावून पाहावा: दिवसभर प्यायलेले ऊन ती तेव्हा खोलीत सोडत असते.

ऊन रस्त्यावर बाधते या समजुतीला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २०२१ मध्ये फार महागडे उत्तर दिले. त्या वर्षीच्या उष्णतेच्या लाटेत तिथे ६१९ माणसे दगावली, आणि त्यांपैकी ९८ टक्के घराच्या आत. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथल्या नोंदींत घरात उष्णतेने मेलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण तो चालत नव्हता. यंत्र असेल तिथे ते चालू स्थितीत ठेवणे घरमालकाच्या अंगावर का टाकावे लागते, ते यावरून कळावे.

अशा नियमात जगावेगळे काही नाही. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर ५५ अंश फॅरेनहाइटखाली गारठले की दिवसा घर किमान ६८ अंश उबदार ठेवणे घरमालकाला बंधनकारक आहे. त्याला कोणी सरकारी घुसखोरी म्हणत नाही. आपल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्येही पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांसारख्या अत्यावश्यक सेवा घरमालकाला तोडता येत नाहीत. उकाड्याचा विचार मात्र त्या यादीत नाही.

राहता राहिले भाडे. खर्च वाढेल, हे मान्यच करायला हवे, आणि काउंटीनेही ते गृहीत धरले आहे: अंमलबजावणी २०२७ पासून होणार आहे, आणि दहा किंवा त्याहून कमी घरे भाड्याने देणाऱ्यांना २०३२ पर्यंत घरातली एकच खोली मर्यादेत ठेवली तरी चालेल. खरी अडचण मला वेगळीच दिसते. गारव्याची सोय घरमालकाने केली तरी मीटर बहुधा भाडेकरूच्या नावावर असतो, आणि बिलाच्या धास्तीने ज्या घरात एसी बंदच राहील तिथे नियम पाळला जाऊनही खोली तापलेलीच राहील. नियमावर एवढे तोंडसुख घेणाऱ्या त्या संदेशात या बिलाचा उल्लेखही नाही.