न धुता मारलेलं कोटिंग पापडासारखं निघतं

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंग आणि दालमिलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "गळका पत्रा बदलू नका. वरून कुठलंही पांढरं लिक्विड कोटिंग मारा. धुवायची गरज नाही. मे महिन्यात मारा, तासाभरात सुकतं. मग दहा वर्षं वर चढायचं काम नाही." मी हेच काम करतो. तरी सांगतो, असं काम करून घेऊ नका.

"पत्रा बदलू नका." शाबूत असेल तर खरंच बदलू नये, शेड उघडी पडत नाही, आतला माल हलवावा लागत नाही. पण कोटिंगनं पत्र्याला ताकद येत नाही. टोचलं की पेचकस आरपार जात असेल, तर तो पत्रा काढायचाच.

शिवाय गळती बहुतेकदा स्क्रूपाशी आणि जोडावर असते. भुसावळला मे महिन्यात हवाच 45 अंशांवर जाते, उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. दिवसा-रात्रीत 40 अंशांचा फरक धरला, तर 10 मीटरचा लोखंडी पत्रा जवळजवळ 5 मिलिमीटर वाढतो आणि परत आकसतो. रोज हेच चालतं. स्क्रूची भोकं मोठी होतात, वॉशर चिरतात. म्हणून आधी स्क्रू-वॉशर बदलायचे, जोडांवर जाळी बसवून कोट द्यायचा, मग सगळं छप्पर.

"कुठलंही" हा शब्द तर सगळ्यात महाग पडतो. ॲक्रिलिक कोटिंगमध्ये साधारण निम्मं पाणी असतं, ते उडून जातं. चौरस मीटरला 1 लिटर पसरलं, तर सुकल्यावर अर्धा मिलिमीटर थर उरतो. 100 चौरस मीटरच्या शेडवर 20 लिटरची एकच बादली ओढली, तर उरतो 0.1 मिलिमीटर. तो नुसता रंग झाला. भाव ठरवताना "किती हात?" विचारू नका, "किती लिटर?" विचारा. स्लॅबवर पाणी साचत असेल, तर ॲक्रिलिक मऊ पडतं. तिथे सिलिकॉन बरं. मात्र एकदा सिलिकॉन मारलं, की पुढे त्यावर सिलिकॉनच चिकटतं.

धुण्याचं म्हणाल, तर जिनिंगच्या पत्र्यावर धूळ आणि रुईचा थर असतो. कोटिंग त्या थराला चिकटतं, पत्र्याला नाही. फक्त ॲस्बेस्टॉसचा जुना सिमेंट पत्रा कोरडा घासू नका, जोराच्या फवाऱ्यानंही धुऊ नका. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर वरची साय लगेच धरते, पाणी आत अडकतं आणि फोड येतात. आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये, दव वाळल्यावर सुरू करतो आणि पत्रा तापायच्या आत रोलर खाली ठेवतो.

राहिली ती दहा वर्षं. आपल्याकडे धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी खारी माती टाकायचे. घर पक्कं होतं, तरी माणूस वर चढायचाच. कोटिंगवालं छप्परही मृगाआधी बघावं लागतं : पन्हळ मोकळी करायची, स्क्रूची डोकी तपासायची, सोललं असेल तिथे पुन्हा हात मारायचा. धूळही धुवायची, कारण मळलेला पांढरा थर ऊन कमी परतवतो. चढाल तेव्हा स्क्रूच्या रांगेवरून चाला, तिथे खाली आधार असतो. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवूच नका.