ताणा तुटला तरी लूम चालूच राहतो

परवा संध्याकाळी अभ्यासिकेत एक पोरगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पळायला जातो, अंगानं दणकट. आवाज मात्र पार खाली गेलेला. "सर, माझा मेंदू सडलाय की ओ."

"कुणी सांगितलं बे?"

रीलमध्ये बघितलं म्हणे. रील बघून मेंदू सडतो ही बातमी त्याला रीलनंच दिली होती आणि त्यावरचा 'डोपामिन डिटॉक्स' नावाचा उतारा पुढच्याच रीलमध्ये होता. दोन्ही बघण्यात पाऊण तास गेला तो वेगळाच.

हसू आलं, पण पोरगं खरंच घाबरलं होतं. असे घाबरलेले महिन्याला चार-पाच तरी येतात, म्हणून हे लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. सात वर्षं अभ्यासिका चालवतोय आणि या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलोय, एवढाच माझा अधिकार.

पहिलं त्या डिटॉक्सचं. डोपामिन हे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं रसायन, अंगात साठलेलं विष नव्हे, घाम गाळून बाहेर काढायला. ते बनवणाऱ्या पेशी मरायला लागल्या की पार्किन्सन होतो, हात थरथरतात, पाऊल उचलत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या. दिवा लागला की थेंब, दिवा लागला की थेंब, असं रोजचं झाल्यावर थेंबाचं कौतुक संपलं आणि पेशी दिव्यालाच दाद द्यायला लागल्या. दिवा लागूनही थेंब आला नाही, तर त्या गप्प. म्हणजे हिशेब चालतो तो काय वाटलं होतं आणि काय मिळालं यातल्या फरकाचा. रीलमध्ये पुढं काय येईल हे कधीच ठाऊक नसतं, म्हणून अंगठा थांबत नाही. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेत रिंग टाकायच्या खेळापुढं माणूस दोनशे रुपये घालवतो आणि साबणाची एक वडी घेऊन हसत घरी येतो, तसंच हे. त्याला मेंदू सडला असं कुणी म्हणत नाही.

आणि हाच पोरगा आयपीएलची अख्खी मॅच जागचा न हलता बघतो. मग लक्ष देण्याची ताकद गेली कुठं?

अमेरिकेतल्या ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी ऑफिसात काम करणाऱ्या लोकांच्या मागं आधी अक्षरशः घड्याळ घेऊन बसून आणि पुढं कॉम्प्युटरवरूनच मोजमाप केलंय. २००४ साली माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. २०१२ मध्ये ७५ सेकंद. पुढच्या मोजण्यांत हा आकडा ४७ सेकंदांच्या आसपास आला. वाचून धसका बसतो. पण हे मोजमाप माणूस किती वेळ थांबतो याचं आहे, किती वेळ थांबू शकतो ते यात कुणी मोजलेलं नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सगळे रीलवाले नेमका तोच गिळून टाकतात. (माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं आणि सोनेरी माशाचं नऊ, असं जे फॉरवर्ड फिरतं, त्याला तर बूडच नाही. मासा महिनोन् महिने गोष्टी लक्षात ठेवतो.)

आता लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं सांगतो. अभ्यासिका जिथं आहे तिथं आमचं शेड होतं, पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत असायचं तसं. चार लूम, टॉवेल निघायचे. धंदा बसला, लूम भंगारात गेले, आता तिथं बत्तीस टेबलं आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, अजून रोज येऊन दारापाशी खुर्ची टाकून पेपर वाचतात. चाळीस वर्षं आडवा धागा घेऊन जा-ये करणाऱ्या धोट्याचा खडखडाट ऐकून कान गेलेत, त्यामुळं अभ्यासिकेत सगळ्यात एकाग्र माणूस तेच.

जुन्या लूमवर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की लूम आपला आपण थांबतो, तशी सोयच केलेली असते. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तर मात्र थांबत नाही. धोटा जा-ये करत राहतो, आवाज तोच, कापडही निघत राहतं. फक्त त्यात एक बारीक रेघ पडत जाते. वेळेत दिसली तर लूम थांबवून गाठ मारायची. नाही दिसली तर माल सेकंडमध्ये.

वाचताना नेमकं हेच होतं. डोळे ओळींवरून फिरतात, पान उलटतं, आणि मन केव्हाच दुसरीकडे गेलेलं असतं. लूम चालू, ताणा तुटलेला. २०१० साली हार्वर्डच्या दोघांनी सव्वादोन हजार लोकांना दिवसात अवेळी विचारलं, आत्ता काय करताय आणि मन तिथंच आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा मन तिथं नव्हतं. (विचारलं होतं फोनवरच, हे एक गमतीचं.) काहीच काम नसताना मेंदूतलं एक जाळं उलट जास्त जोमात चालतं, जुन्या आठवणी उगाळतं, उद्याचे बेत करतं. त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात, म्हणजे न सांगता चालणारं. मन भटकणं ही मेंदूची मूळ चाल आहे. पोरांना मी सांगतो, तुटणारच. अण्णांचेही तुटायचे, दिवसाला किती ते कुणी मोजलंय?

यावर हमखास एक प्रश्न येतो, की मग पूर्वीची माणसं आठ-आठ तास कशी काय काम करायची? अहो, माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात कापलेलं पान आणि तंबाखू, समोर शेजारची बाई, तोंड अखंड चालू आणि हातातून विडीमागून विडी. बघणाऱ्याला वाटावं, बाई एका वेळी दोन कामं करतेय. पण वळणं हे तिच्या हातांचं काम झालं होतं, डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता. तीच आई संध्याकाळी पंचवीसची बंडलं मोजायला बसली की म्हणायची, "आता बोलायचं नाही कुणी." मोजायला डोकं लागतं, आणि ते एका वेळी एकालाच मिळतं. पुस्तक उघडं ठेवून व्हॉट्सॲप बघणाऱ्यांना वाटतं आपण आईसारखे. ते मोजता मोजता गप्पा मारायला बघतायत.

आणि डोळ्यात तेल घालून बसायचं काम असेल, तर तेव्हाचीही माणसं थकायची. दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या हातून खुणा निसटायला लागल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यानं एक घड्याळ बनवलं. काटा एकेक पाऊल पुढं सरकायचा आणि मधूनच कधीतरी दोन पावलं उडी मारायचा, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या. हे १९४८ साली छापून आलं, मोबाइलच्या कितीतरी आधी. त्यामुळं सलग चार तास मांडी न मोडता बसण्याची शपथ घेणाऱ्या पोरांना मी अर्ध्या-पाऊण तासानं बळंच उठवतो. पाणी प्या, आभाळ बघा, या. चहाच्या टपरीवर फोन बाहेर काढणं हा आराम नव्हे, ती दुसरी पाळी झाली.

अण्णांकडून मी शिकलो ते वेगळंच. मे महिन्यात सोलापूरची हवा कशी होते, सांगायला नको. हवा कोरडी पडली की सुती धागा जास्त तुटतो. अण्णा तेव्हा शेडभर पाणी मारायचे, खिडक्यांना ओलं गोणपाट लावायचे. धाग्याला शिव्या देत बसलेले मी त्यांना कधी बघितले नाहीत. आपण पोरांच्या बाबतीत नेमकं तेच करतो. चंचल आहे, मन नाही, जिद्द नाही, आमच्या वेळी असं नव्हतं. हवा कुणी बघत नाही.

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी दारात चादरी ठेवायची जुनी पत्र्याची पेटी मांडली. आत येताना फोन बंद करून पेटीत. पहिल्या आठवड्यात सहा जण सोडून गेले. महिन्याला पाचशेप्रमाणे तीन हजारांचा फटका, बायकोनं अजून माफ केलेलं नाही. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की फोन टेबलावर नुसता पालथा पडलेला असला, वाजला नाही तरी माणूस डोक्याच्या कामात मागं पडतो. दुसऱ्या खोलीत फोन असलेले सगळ्यात पुढं होते. खरं सांगायचं तर नंतर इतरांनी हा प्रयोग करून बघितला, तेव्हा दरवेळी तसंच निघालं नाही. म्हणून मी शास्त्राचा हवाला देऊन पेटी लादत नाही. मला दिसतं ते एवढंच, की फोन खिशात असताना हात दर थोड्या वेळानं मांडीवर जायचा. आता जात नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. २००९ साली सोफी लरॉय यांनी दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा एक तुकडा मागंच राहतो. पुढं त्यांनीच एक साधा उपाय तपासला. उठण्याआधी मिनिटभर थांबून लिहायचं, कुठं थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. याचा उपयोग होतो असं निघालं. मी हे वाचत होतो आणि मला पाळी बदलताना अण्णांची आठवण झाली. पुढच्या कामगाराला सांगायचे, तीन नंबरचा ताणा डावीकडं सारखा तुटतोय, बाण्याची कांडी संपत आलीय. मग शर्ट अडकवून सरळ घरी, डोक्यात लूम नाही. आता अभ्यासिकेतली पोरं चहाला जाताना वहीत ओळभर लिहून जातात. निदान निम्मी तरी.

मेंदूच्या नावावर जो बाजार चाललाय, त्याबद्दल एकदा बोलायचंच होतं. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीला एका क्लासात 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' करून आणलं. भरपूर फी, दोन दिवसांचं शिबिर, डोळ्यांवर पट्टी बांधून पोरगी रंग ओळखायला लागली. घरचे गहिवरले. मी तिला बाजूला घेऊन आइस्क्रीम दिल्यावर तिनं सांगितलं, "मामा, नाकापाशी फट असते की." मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, तो बंद पडला तर माणूस शुद्धीवर राहणार नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला आईबापापुढं दोन महिने खोटं वागावं लागलं, ते मला अजून सलतं.

एक विषय कुठल्याच क्लासच्या जाहिरातीत नसतो, तो झोपेचा. आमच्याकडे एक मुलगी दुपारी दीडच्या सुमाराला हमखास पेंगायची. मी दोनदा टोकलं, एकदा सगळ्यांसमोर. तिसऱ्यांदा तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, त्यांच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री अडीचला. भरून, गाळून, वर चढवून पहाट होते. आज येईल, उद्या येईल म्हणत बाकीच्या रात्री नुसती वाट बघण्यातच जातात. माझी मान खाली गेली. २००३ चा एक अभ्यास आहे. दोन आठवडे रोज सहाच तास झोपायला दिलेल्या लोकांचं लक्ष एक अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं घसरलं, आणि त्यांना मात्र वाटत होतं, आपलं तसं बरं चाललंय. मी एका कोपऱ्यात सतरंजी टाकलीय. वीस मिनिटं आडवं व्हा, कुणी काही म्हणणार नाही. बाकीच्यांनी सुरुवातीला दात काढले, आता तिथं नंबर लागतो.

एक मात्र सांगतो. लहानपणापासून, घरी, शाळेत, सगळीकडे ज्याचं लक्ष टिकतच नाही, त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याला पेटी आणि चिठ्ठी पुरत नाही.

तर तो पोलीस भरतीवाला. त्याला मी म्हटलं, मन दुसरीकडं गेलंय असं लक्षात आलं की समासात एक टिंब दे आणि परत ओळीवर ये, बास. पहिल्या दिवशी एकोणीस टिंबं. आठवड्यानं आला तो रडकुंडीला. "सर, सव्वीस झाली. वाढलं की ओ."

मला पटकन उत्तर सुचेना. अण्णा दारातून आमच्या तोंडांकडं बघत होते. त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सगळं सांगितलं, इतक्या मोठ्यानं की बत्तीस माना वर झाल्या. अण्णांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "किती तुटले ते ऱ्हाऊ दे. रेघ केवढी पडली ते इचार त्याला."

पोरगं वही चाळत बसलं. आधी कधी दीड पान, कधी दोन पानं वाया गेल्यावर भान यायचं. कालच्या टिंबांमध्ये चार ओळींचं अंतर होतं, एके ठिकाणी तर दोनच.

तेवढ्यात कुठंतरी फोन थरथरला आणि सगळ्यांनी पेटीकडं बघितलं. पेटी गप्प होती. माझ्या खिशात वाजत होता.