तिरकं टिंब

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मी लॅपटॉपवरचं एक टिंब चारशे टक्के मोठं करून बघत होते. ते तिरकं आहे की सरळ, एवढंच मला ठरवायचं होतं.

टिंब तिरकं कसं असेल, असं तुम्हाला वाटेल. लॉ कॉलेजातल्या मूट कोर्ट, म्हणजे सरावाच्या कोर्टाच्या, सोसायटीची एडिटर होण्याआधी मलाही वाटायचं. पण 'ब्लूबुक' नावाचा एक ग्रंथ आहे. हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया इथल्या लॉ रिव्ह्यूंची, म्हणजे कायद्याच्या नियतकालिकांची, पोरं तो मिळून काढतात. पहिली आवृत्ती १९२६ ची. तळटीप कशी द्यावी, या एका विषयावर शेकडो पानं. 'वरचाच संदर्भ' म्हणायचं तर 'इड' लिहायचं, तेही तिरक्या अक्षरांत, आणि त्याच्यापुढचं टिंबसुद्धा तिरकं हवं. कर्सर टिंबावर ठेवून वरचं 'आय'चं बटण पेटलंय का ते बघितलं की झालं, हे मला अठ्ठाविसाव्या टिंबाला कळलं. तोवर डोळे फुटले होते.

एडिटर मी कर्तृत्वाने झाले नाही. दुसऱ्या वर्षाला स्पीकर, म्हणजे तोंडी युक्तिवाद करणारी, होते. बेंचवरून अडचणीचा प्रश्न आला की "यावर मी पुढे येतेच" असं म्हणायची सवय होती. चौथ्यांदा म्हटल्यावर न्यायाधीश म्हणाले, "याच जन्मी ना?" त्या दिवसापासून माझी कायद्यावरची पकड लेखी कामात जास्त चांगली आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं. पुढे कुठल्याशा अमेरिकन कॉलेजाची नक्कल करून आमच्याकडे 'टीचिंग फेलो' हे पद निघालं आणि तेही माझ्याच गळ्यात पडलं. टीचिंग फेलो म्हणजे, गुरुवारी सर येत नाहीत आणि वर्ग भरतो.

घरी आजीला मूट कोर्टाचं मराठी सांगितलं, अभिरूप न्यायालय. तिने विचारलं, "म्हणजे खोटं कोर्ट?" हो म्हटलं. "मग रात्रभर जागतेस कशाला?" ब्लूबुकात याचं उत्तर नाही.

यंदाच्या इंट्रा मूटला, म्हणजे कॉलेजातल्या मूट स्पर्धेला, माझ्या वाट्याला जी टीम आली, तिच्यात तिघं होते. पहिला ओंकार, अकराला उठणारा. दुसरी एक अबोल रिसर्चर, जिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला. आणि तिसरे सर्कलकाका. महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे अभिरूप न्यायालयाला ३० गुण असतात, तीन खटले, प्रत्येकी ५ लेखी आणि ५ तोंडी. काका त्यासाठी आले होते. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम. माझ्या वडिलांपेक्षा सात वर्षांनी मोठा माणूस वही उघडून "मॅडम, सांगा" म्हणतो तेव्हा काय सांगायचं होतं तेच आठवत नाही.

मूटचा प्रॉब्लेम नेहमी काल्पनिक देशात घडतो. आमचा देश होता इंदविया. तिथल्या सरकारने धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि विहिरींची भरपाई दिली नाही. शेवटी नेहमीचं वाक्य: 'इंदवियाचे कायदे भारतीय कायद्यांशी पॅरी मटेरिया आहेत.' म्हणजे त्याच विषयाचे, त्याच धर्तीचे. काकांनी दोनदा वाचलं. "मॅडम, सातबारा जोडलेला नाही."

त्यांनी लिहिलेलं स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स मी जपून ठेवलंय. इंग्रजीत होतं, पण आत्मा पंचनाम्याचा. जमिनीच्या चतुःसीमा दिल्या होत्या. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट. प्रॉब्लेममध्ये ओढाबिढा काही नव्हता. "काका, हा ओढा कुठून आला?" तर म्हणाले, "धरण बांधतायत म्हणजे पाणी असणारच की." ओढा मी काढला. गाडीवाट चुकून राहिली.

'इड' आणि 'सुप्रा' शिकवायला मी गुरुवारचा अख्खा तास ठेवला होता. बाण काढले, रंगीत खडू वापरले. वीस-बावीस वर्षांची पोरं शून्यात बघत होती. काकांनी हात वर केला. "इड म्हणजे 'सदर' ना? आणि सुप्रा म्हणजे 'उपरोक्त'." मी खडू खाली ठेवला. "आणि मॅडम, मध्येच एखादी टीप घातली किंवा काढली, तर?" मी म्हटलं, मग पुढचा 'इड' भलत्यालाच लागतो, म्हणून फार जपायचं. काका पोरांकडे वळून म्हणाले, "कळलं का? मध्ये फेरफार पडला की सदरचा धनी बदलतो." वर्गाला ते कळलं नाही, पण मला पटलं.

मेमो, म्हणजे लेखी युक्तिवाद, जमा करायच्या रात्री ओंकारची ३७ नंबरची फूटनोट माझ्या डोळ्यांत खुपली. विहिरीच्या भरपाईवर सुप्रीम कोर्टाचा निकाल, आमच्या बाजूने, इतका नेमका की मला भरून आलं. उलटतपासणी करावी म्हणून एआयआर या निकालसंग्रहात शोधला. त्या खंडात त्या पानावर विक्रीकराचं कुठलंसं अपील चाललं होतं. ओंकारला फोन लावला.

"ताई, निकाल आहे. फक्त सापडत नाही."

"मी तुला एआयआरमध्ये बघायला सांगितलं होतं ना?"

"एआयआर? मी एआय ऐकलं."

नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरची सगळी तपश्चर्या एका 'र'वर टेकलेली आहे, हे मला तेव्हा उमगलं. मी आवाज चढवून सांगितलं, की न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच नसलेले निकाल दाखल केले, तर कोर्टाने ५,००० डॉलर दंड ठोठावला. ओंकार थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण ताई, ते खरं कोर्ट होतं. आपलं अभिरूप. अभिरूप कोर्टात अभिरूप निकाल का नाही चालणार?"

अडीच वाजता माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी ३७ नंबर उडवला, उरलेली टिंबं तपासली आणि मेमो पाठवून दिला.

राउंडच्या दिवशी मी कोर्ट मास्टर. म्हणजे कोपऱ्यात बसायचं, वेळेची पाटी दाखवायची आणि जगबुडी आली तरी बोलायचं नाही. बेंचवर आमचाच एक माजी विद्यार्थी, काळा कोट नव्याने अंगी लागलेला. काका उभे राहिले. घटनेचं कलम ३००-अ मांडलं, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला तरी कायद्याच्या आधाराशिवाय जमीन घेता येत नाही, हे सांगितलं. इंग्रजी शासकीय परिपत्रकाचं, पण वाट चुकत नव्हतं. मी मनात टाळ्या वाजवत होते.

न्यायाधीशांनी पान उलटलं. "फूटनोट ३७. विहिरीच्या वेगळ्या भरपाईसाठी तुम्ही 'इड' लिहिलंय. वरची ३६ आहे केशवानंद भारती. तेरा न्यायमूर्ती, सातशेहून जास्त पानं. यात विहीर कुठे आहे?"

माझ्या हातातली पाटी उलटी झाली. ३७ मी उडवली, ३८ ची ३७ झाली, आणि तिच्यातला 'इड' सरकून १९७३ च्या त्या थोर निकालाला जाऊन चिकटला. त्याच्यापुढचं टिंब मात्र तिरकं होतं. मी स्वतः तपासलं होतं.

ओंकार छताकडे बघत होता. काकांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"महोदय, सदर नोंद चुकीने पडली आहे. लेखनप्रमाद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५ अन्वये दुरुस्तीची विनंती आहे."

"पण काउन्सेल, हा खटला इंदवियातला आहे."

"पॅरी मटेरिया, महोदय."

बेंच हसलं, आणि हसता हसता त्यांनी पेनाने काहीतरी लिहिलं. तोंडी ५ पैकी ५, हे नंतर कळलं. लेखीचं विचारू नका.

बाहेर कॅन्टीनला काकांनी माझ्यासाठी चहा सांगितला. पैसे देऊ दिले नाहीत. बशीत चहा ओतून फुंकर मारली आणि हळूच विचारलं, "मॅडम, तो फेरफार तुमच्याच सहीचा ना?"